जठराचा कर्करोग : वेळेवर निदानाचे महत्त्व

(ग्रामीण आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)

आंबट ढेकर, छातीतील जळजळ, जेवणानंतर पोट फुगणे, भूक मंदावणे या तक्रारी महाराष्ट्रातील कोणत्याही घराला अपरिचित नाहीत. त्या सर्वांना मिळून ‘पित्त झाले’ एवढे दोन शब्द पुरतात. मग ओवा, आले-लिंबाचा रस, चिमूटभर खाण्याचा सोडा किंवा दुकानातून आणलेली एखादी गोळी यांवर काम भागते. आणि बहुतेक वेळा ते खरोखरच भागते. जठराचा कर्करोग नेमका याच नित्याच्या तक्रारींच्या वेषात येतो. प्रारंभी त्याची स्वतःची अशी वेगळी खूण नसते. अपचनाची तक्रार करणाऱ्या असंख्य माणसांत एखाद्यालाच हा रोग असतो. परंतु त्या एखाद्याच्या बाबतीत सोडा आणि गोळ्या घेण्यात गेलेले चार-सहा महिने हेच रोग बरा होणे आणि न होणे यांमधील अंतर ठरू शकतात. म्हणून हा रोग कसा होतो हे समजून घेणे जेवढे आवश्यक, तेवढेच तो केव्हा ओळखला जातो याकडे लक्ष देणे आवश्यक आहे. आणि हे दुसरे काम केवळ डॉक्टरांचे नाही.

रोगाचा पसारा

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार सन २०२२ मध्ये जगभरात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार रुग्ण दगावले. नवे रुग्ण आणि मृत्यू या दोन्ही दृष्टींनी सर्व प्रकारच्या कर्करोगांत त्याचा क्रमांक पाचवा लागतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते. जगातील निम्म्याहून अधिक रुग्ण चीन, जपान व कोरिया या पूर्व आशियाई देशांत आढळतात. भारतात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास नवे रुग्ण आढळत असावेत, असा अंदाज आहे.

आपल्या देशात हा रोग सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी सन १९६३ मध्ये सुरू झाली. ती भारतातील अशा प्रकारची पहिली नोंदणी होय. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि सन १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. या नोंदींवरून असे दिसते की, मिझोराममध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. दक्षिणेत चेन्नईतही ते उल्लेखनीय आहे. मुंबई, पुणे व बार्शी येथील प्रमाण त्या मानाने बरेच कमी आहे.

ही समाधानाची बाब खरी. परंतु तिची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. रोग विरळ असला म्हणजे त्याची शंका सहजासहजी कोणाच्या मनात येत नाही. रुग्णाच्या येत नाही, घरच्यांच्या येत नाही आणि कित्येकदा पहिल्या भेटीत वैद्यकीय व्यावसायिकाच्याही येत नाही. परिणामी भारतातील बहुसंख्य रुग्णांचे निदान होते ते रोग पुष्कळ पुढे गेल्यावर.

जठर आणि त्यातील बिघाड

जठर ही पोटाच्या वरच्या भागात, किंचित डावीकडे असलेली स्नायुमय पिशवी होय. वर तिला अन्ननलिका येऊन मिळते आणि खाली जठराच्या अरुंद तोंडातून अन्न लहान आतड्यात उतरते. अन्न साठविणे, घुसळणे, आम्ल व पाचक रसांनी त्याचे विघटन करणे ही जठराची प्रमुख कामे. ब-१२ हे जीवनसत्त्व शरीरात शोषले जाण्यासाठी लागणारा एक घटकही जठरातच तयार होतो. जठराच्या भिंतीला थर असतात. सर्वांत आतील थर म्हणजे नाजूक अंतस्त्वचा. तिच्याखाली मऊ पेशीजाल, त्याबाहेर जाड स्नायू आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. जठराचे दहापैकी नऊहून अधिक कर्करोग या अंतस्त्वचेतील ग्रंथींच्या पेशींत सुरू होतात. रोग आतून बाहेर एकेक थर भेदीत जातो. तो अंतस्त्वचेत असतो तोवर शरीरात अन्यत्र पसरण्याचा संभव अल्प असतो. बाहेरील थरांत शिरला की लसिका ग्रंथी, यकृत आणि पोटातील आवरण यांच्याकडे त्याला वाट मिळते.

ही प्रक्रिया एका रात्रीत घडत नाही. प्रथम जठराच्या अंतस्त्वचेचा दीर्घकाळ दाह होतो. त्यातून ती झिजते, पातळ होते, तिच्यातील आम्लग्रंथी नष्ट होत जातात. मग तिच्या जागी आतड्यातील पेशींसारख्या पेशी दिसू लागतात. पुढे या पेशींची रचना विस्कळीत होते आणि अखेरीस त्यांतील काहींचे रूपांतर कर्कपेशींत होते. पेलायो कोरेआ या शास्त्रज्ञाने सन १९७५ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह मांडलेली ही पायऱ्यांची कल्पना आज सर्वमान्य आहे. या पायऱ्या उतरावयास बहुधा अनेक वर्षे, कित्येकदा दशके लागतात. प्रत्येक जठरदाहाचा शेवट कर्करोगात होतो असे मुळीच नाही. फारच थोड्यांच्या बाबतीत तो तेथवर पोचतो. तथापि मधल्या प्रत्येक पायरीवर हस्तक्षेपाला वाव आहे.

याशिवाय या रोगाचा एक दुसरा प्रकारही आहे. त्यात गाठ किंवा व्रण न दिसता कर्कपेशी भिंतीतून विखरून पसरतात आणि जठर ताठर होते. हा प्रकार तुलनेने तरुण वयातही आढळतो व दुर्बिणीतूनही सहज दिसत नाही.

एका जिवाणूचा शोध

दीर्घकालीन जठरदाहाचे मूळ कशात आहे, याविषयी वैद्यकशास्त्राची समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीस पार बदलून गेली. जठरातील तीव्र आम्लात कोणताही जिवाणू टिकाव धरू शकत नाही, असे पूर्वी मानले जाई. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन या विकृतिशास्त्रज्ञाला जठरदाहाच्या रुग्णांच्या पेशीनमुन्यांत नागमोडी आकाराचे जिवाणू वारंवार दिसू लागले. त्याचा तरुण सहकारी बॅरी मार्शल याने ते प्रयोगशाळेत वाढविण्याचा प्रयत्न केला, पण यश येईना. सन १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे काचेच्या बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जिवाणू वाढलेले आढळले. तरीही शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना, तेव्हा सन १९८४ मध्ये मार्शलने हे जिवाणू स्वतः प्राशन केले आणि काही दिवसांतच त्याला जठरदाह झाला. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या जिवाणूच्या शोधाबद्दल दोघांना सन २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी सन १९९४ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूचा समावेश मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत केला होता.

हा जिवाणू बहुधा बालपणीच, घरातील निकटच्या संपर्कातून व अस्वच्छ पाण्या-अन्नातून शरीरात शिरतो आणि उपचार न झाल्यास आयुष्यभर मुक्काम करतो. भारतात त्याचा प्रादुर्भाव फार मोठ्या प्रमाणावर आहे. तरीही जठराच्या कर्करोगाचे प्रमाण त्या मानाने कमी आहे. जिवाणूचे प्रकार, आहार, आनुवंशिकता अशी निरनिराळी कारणे त्यासाठी पुढे करण्यात येतात. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : जिवाणू हे महत्त्वाचे कारण असले, तरी ते एकटे पुरेसे नाही.

दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध दहा ते चौदा दिवस दिल्याने बहुतेकांच्या जठरातून हा जिवाणू नाहीसा करता येतो. ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना जठराचा कर्करोग झाला होता अशा जिवाणूबाधित व्यक्तींवर कोरियात झालेल्या आणि सन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या उपचाराने रोगाचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे आढळून आले. म्हणून अशा कुटुंबांतील व्यक्ती, तसेच जठराचा किंवा त्यापुढील आतड्याचा अल्सर झालेले रुग्ण यांनी जिवाणूची तपासणी अवश्य करून घ्यावी. मात्र ही औषधे दुकानातून परस्पर आणून अर्धवट घेणे घातक आहे. आपल्याकडे काही प्रतिजैविकांना हा जिवाणू आधीच दाद देईनासा झाला आहे. पूर्ण मात्रा घेणे आणि निदान चार आठवड्यांनंतर तो गेल्याची खात्री करून घेणे, हे दोन्ही उपचाराचेच भाग होत.

येथे एका गैरसमजाचे निरसन करावयास हवे. जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, परंतु कर्करोग जात नाही. रुग्णाचे ताट वेगळे काढणे, त्याला घरात बाजूला ठेवणे यास कोणताही शास्त्रीय आधार नाही.

आहार आणि व्यसने

विसाव्या शतकात अमेरिका व युरोपात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण कोणत्याही विशेष मोहिमेशिवाय झपाट्याने घटले. सन १९३० च्या सुमारास अमेरिकन पुरुषांत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत जठराच्या कर्करोगाचा क्रमांक वरचा होता. आज तो तेथे बराच मागे पडला आहे. घरोघरी आलेले शीतकपाट, त्यामुळे मिठात मुरवलेले व धुरावलेले मांस-मासे कमी होणे, बारमाही ताजी फळे व भाज्या मिळणे, तसेच स्वच्छ पाणी व कमी दाटीची घरे यांमुळे जिवाणूचा प्रसार घटणे, ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. मिठाचे अतिरिक्त प्रमाण जठराच्या अंतस्त्वचेला इजा करते आणि जिवाणूच्या कार्याला वाव देते. मिझोराममधील अधिक प्रमाणाचा संबंध संशोधकांनी धुरावलेले व खारवलेले मांस, तसेच तंबाखूच्या धुराने भारलेले ‘तुईबूर’ नावाचे पाणी तोंडात धरण्याची सवय यांच्याशी जोडला आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी सन २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात, सुके मासे वारंवार खाणाऱ्यांत या रोगाचा धोका अधिक आढळला होता. कोकणपट्टीत पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी घरोघरी असते. ती वर्ज्य करावी असे कोणी म्हणणार नाही. पण ती रोजचे अन्न न होता अधूनमधून खाण्याची वस्तू राहावी, एवढे निश्चित म्हणता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही न भरेल एवढेच मीठ खावे. लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, फरसाण यांतून पोटात जाणारे मीठ या हिशेबात धरावयाचे असते. तिखट खाल्ल्याने कर्करोग होतो, ही समजूत मात्र सिद्ध झालेली नाही. तिखटाने जळजळ वाढते, म्हणून त्याच्यावर सारा दोष ठेवून माणसे विडी ओढीत राहतात. वस्तुतः विडी-सिगारेटच्या धूम्रपानाने जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे निर्विवाद आहे. अतिमद्यपान हेही धोक्याचे आहे. मशेरी, गुटखा व तंबाखू चघळणे यांचा प्रमुख प्रहार तोंड व अन्ननलिका यांवर होतो. पण तेवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाहीत.

वाढते वय, जवळच्या नातलगांत हा रोग असणे, जठरावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया आणि ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावातून होणारा विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय हीदेखील धोका वाढविणारी कारणे आहेत. फार थोड्या कुटुंबांत एका जनुकातील दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. एकाच घरात दोघा-तिघांना, विशेषतः तरुण वयात हा रोग झाला असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

कोणत्या लक्षणांनी सावध व्हावे

प्रारंभीच्या अवस्थेत पुष्कळदा काहीच त्रास होत नाही. झालाच तर तो अपचनाचा. मग पित्त कोणते आणि धोक्याची सूचना कोणती, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट नवेपणाची. वयाच्या पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर ज्याला पूर्वी कधी अपचनाचा त्रास नव्हता त्याला तो प्रथमच सुरू झाला आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्णपणे थांबला नाही, तर त्याची तपासणी झालीच पाहिजे. दुसरी गोष्ट भुकेची व वजनाची. चार घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, अन्नावरची वासना उडणे, प्रयत्न न करता वजन घटणे, अंगरखा किंवा चोळी सैल होणे या खुणा गंभीर मानाव्यात. तिसरी गोष्ट रक्ताची. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळसर पदार्थ पडणे, डांबरासारखी काळी, चिकट व उग्र वासाची शौचास होणे, याचा अर्थ वरच्या पचनमार्गात रक्तस्राव होत आहे असा असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, हे खरे. पण हा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. प्रौढ पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीच्या अंगात रक्त कमी झाले असेल, तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नये. रक्त कोठे जाते, याचा शोध घेतला पाहिजे. चौथी गोष्ट अडथळ्याची. घास गिळताना अडकणे किंवा आदल्या दिवशी खाल्लेले अन्न दुसऱ्या दिवशी उलटीवाटे पडणे, ही लक्षणे कोणत्याही वयात तातडीच्या तपासणीची होत.

पोटात हाताला गाठ लागणे, पोटात पाणी होणे, कावीळ, डाव्या गळपट्टीच्या हाडाजवळ गाठ येणे ही बहुधा रोग पसरल्याची चिन्हे असतात. त्यांची वाट पाहणे म्हणजे संधी गमावणे होय.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांविषयी येथे विशेष सांगितले पाहिजे. या गोळ्या उपयुक्त आहेत. परंतु कर्करोगाच्या व्रणातील वेदनाही त्यांनी काही काळ शमते, इतकेच नव्हे तर तो व्रण वरवर भरून आल्यासारखाही दिसू शकतो. त्यामुळे ‘गोळीने बरे वाटते’ हा कर्करोग नसल्याचा पुरावा नव्हे. गोळी थांबविताच त्रास पुन्हा सुरू होत असेल, तर पुढची गोळी तपासणीनंतर घ्यावी.

निदान

या रोगाच्या निदानाचा राजमार्ग म्हणजे एंडोस्कोपी, म्हणजेच दुर्बिणीची तपासणी. सहा ते आठ तास उपाशी राहून यावे लागते. घशात बधिर करणारे औषध फवारून एक लवचीक नळी तोंडावाटे जठरात सोडतात. तिच्या टोकाशी असलेल्या कॅमेऱ्यामुळे जठराचा आतला भाग पडद्यावर दिसतो. तपासणी बहुधा काही मिनिटांतच संपते, कापाकाप होत नाही आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. शंकास्पद भागाचे सहा-आठ सूक्ष्म तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. याच तपासणीवर निदान निश्चित होते. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. या भीतीपायी तपासणी टाळणाऱ्यांचा रोग मात्र खरोखरच पसरतो. पूर्वी बेरियम पाजून क्ष-किरण चित्रे घेत असत. त्या पद्धतीत लहान विकृती निसटण्याचा संभव अधिक होता आणि तुकडा घेता येत नसे.

रक्ताच्या एखाद्या चाचणीवरून जठराचा कर्करोग आहे किंवा नाही, हे ठरविता येत नाही. साध्या सोनोग्राफीतही प्रारंभीचा रोग दिसत नाही. ‘सोनोग्राफी चांगली आली’ म्हणून निश्चिंत झालेले रुग्ण काही महिन्यांनी गंभीर अवस्थेत येतात. निदान झाल्यावर रोग कोठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी सी. टी. स्कॅन, आणि आवश्यकतेनुसार पोटात दुर्बीण घालून पाहणी करतात. उपचारांची सारी आखणी या पाहणीवर अवलंबून असते.

जपानने या बाबतीत जगापुढे एक उदाहरण ठेवले. तेथे हा रोग फार मोठ्या प्रमाणावर असल्याने सन १९६० नंतरच्या काळात क्ष-किरण यंत्रे बसविलेल्या गाड्या गावोगावी फिरवून निरोगी दिसणाऱ्या माणसांचीही तपासणी करण्यात आली. कोरियात चाळीस वर्षांवरील व्यक्तींना दर दोन वर्षांनी तपासणीची सोय आहे. परिणामी तेथे अनेक रुग्णांचा रोग अंतस्त्वचेत असतानाच सापडतो आणि अशा प्रारंभिक अवस्थेतील दहापैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. रोगाचे प्रमाण कमी असलेल्या भारतासारख्या विशाल देशात सर्वांची सरसकट एंडोस्कोपी करणे व्यवहार्य नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील व्यक्तींची जी तपासणी केली जाते, ती तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी. जठर त्यात नाही. याचा अर्थ असा की, आपल्याकडे शासकीय यंत्रणा हा रोग शोधीत घरी येणार नाही. लक्षण दिसलेला माणूसच वेळेवर दवाखान्यात पोचला पाहिजे.

उपचार

थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे जठराच्या कर्करोगाचा भाग कापून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. ती रुग्ण स्त्री शस्त्रक्रियेतून बरी झाली, परंतु रोग उलटल्याने सुमारे चार महिन्यांनी दगावली. तेव्हापासून आजवर शस्त्रक्रिया हाच या रोगाच्या उपचारांचा कणा राहिला आहे. अगदी वरच्या थरातील लहान रोग आता दुर्बिणीतूनच, पोट न उघडता काढता येतो. त्यापुढील अवस्थेत जठराचा काही भाग किंवा संपूर्ण जठर, त्याच्या भोवतालच्या लसिका ग्रंथींसह काढून अन्नमार्ग आतड्याशी जोडतात. या ग्रंथी काळजीपूर्वक व पुरेशा संख्येने काढणे फार महत्त्वाचे असल्याने ही शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रातच व्हावी.

केवळ शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या आधी व नंतर रसायनोपचार दिल्यास निष्पत्ती सुधारते, हे आता सिद्ध झाले आहे. सन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत केवळ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी २३ टक्के पाच वर्षे जगले, तर जोडीला रसायनोपचार मिळालेल्यांपैकी ३६ टक्के. सन २०१९ मध्ये जर्मनीतील चाचणीने चार औषधांची अधिक परिणामकारक योजना पुढे आणली. म्हणूनच ‘गाठ आहे तर आधी कापून टाका’ असा आग्रह रुग्णाच्या नातलगांनी धरू नये. आधी दोन महिने औषधे देणे हा विलंब नसून उपचारच असतो. पसरलेल्या रोगात कर्कपेशींचे विशिष्ट गुणधर्म तपासून लक्ष्यवेधी व प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे वापरतात. अशा अवस्थेत रोग समूळ जाणे बहुधा शक्य नसते. तथापि आयुष्य वाढविणे, अडथळा दूर करणे, वेदना शमविणे हे शक्य असते आणि तोही रुग्णाचा हक्कच आहे.

जठर काढल्यावर माणूस जगेल कसा, हा प्रश्न हमखास विचारला जातो. माणूस जगतो आणि पुष्कळसे नित्याचे काम करू शकतो. तीन वेळा भरपेट जेवण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, सावकाश चावून खावे लागते. गोड पदार्थ एकदम खाल्ल्यास घाम, धडधड, चक्कर असा त्रास होतो, म्हणून ते बेताने घ्यावेत. संपूर्ण जठर काढलेल्यांना ब-१२ जीवनसत्त्व, बहुधा इंजेक्शनाच्या रूपाने, आयुष्यभर घ्यावे लागते. गावी परतलेल्या रुग्णाचे हे इंजेक्शन दोन-तीन वर्षांनी विस्मरणात जाते आणि मग रक्तक्षय व हातापायांतील बधिरता उद्भवते. प्राथमिक आरोग्य केंद्राने अशा रुग्णांची नोंद ठेवणे त्यासाठी उपयुक्त ठरेल.

गावपातळीवरील कर्तव्ये

पोटाच्या तक्रारी प्रथम ऐकणारे कान डॉक्टरांचे नसतात. ते शेजाऱ्यांचे, शाळेतील सहकाऱ्यांचे, पंचायतीच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांचे आणि आशा कार्यकर्तीचे असतात. ‘अण्णा हल्ली जेवत नाहीत’, ‘मावशी फार वाळल्या’ असे बोलणे कानी पडते आणि विरून जाते. अशा वेळी ‘दुर्बिणीची तपासणी झाली का?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय गावातील जाणत्यांना लागली, तरी पुष्कळ कार्य साधेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे चिठ्ठी घेऊन रुग्णास पाठवावे, आणि तो गेला की नाही याची आठ दिवसांनी चौकशी करावी. वाट चुकते ती बहुधा या दुसऱ्या टप्प्यावर.

पैशाअभावी उपचार लांबविले जातात, ही वस्तुस्थिती आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांखाली संलग्न रुग्णालयांत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांचा समावेश आहे. या रुग्णालयांत नेमलेले आरोग्यमित्र मार्गदर्शन करतात. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वेभाड्यातही सवलत मिळते. मुंबईच्या परळ भागातील, सन १९४१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाखेरीज बार्शी, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही कर्करोग रुग्णालये आहेत. त्यामुळे प्रत्येक रुग्णाने मुंबईचीच वाट धरली पाहिजे असे नाही. शिधापत्रिकेतील नाव, आधारकार्डावरील वय यांतील चुकांमुळे ऐन वेळी खोळंबा होतो. ग्रामपंचायत व तहसील कार्यालयांतील कर्मचाऱ्यांनी अशा रुग्णाचा कागद त्याच दिवशी हातावेगळा केला, तर तीही रुग्णसेवाच होय.

प्रतिबंधाचे काम अधिक दीर्घ पल्ल्याचे आहे. शुद्ध पाणी, शौचालयांचा वापर, शाळेत जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची शिस्त यांनी अतिसार टळतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण याच उपायांनी बालपणी जठरात शिरणाऱ्या त्या जिवाणूलाही अटकाव होऊ शकतो. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस सन २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे. ती मर्यादा आपल्या शाळेभोवती पाळली जाते की नाही, हे पाहणे मुख्याध्यापक आणि सरपंच या दोघांच्या हाती आहे. परसबागेतील भाजी, हंगामी पेरू-आवळा-बोरे, बेताचे मीठ यांसाठी वेगळा खर्चही पडत नाही.

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले अपचन, वाळत चाललेले शरीर, काळी शौचास आणि अडकणारा घास या चार गोष्टी शाळेच्या फलकावर आणि पंचायतीच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात. यांपैकी एकही दिसली तर औषधाच्या दुकानाऐवजी आरोग्य केंद्राची पायरी चढावी, आणि ती त्याच आठवड्यात चढावी.